अस्तराचा रंग

आत्या तीस वर्षं नाटकाच्या कपडेपटात होती. ऐतिहासिक नाटकांचे अंगरखे, बाराबंद्या, पगड्या, संगीत नाटकांतल्या नऊवारी, सगळं तिच्या हाताखालून गेलं आहे. आता ती आमच्या शेजारच्या इमारतीत राहते आणि रविवारी दुपारी फॉल-बिडिंगची चार कामं घेऊन आमच्या गॅलरीत येऊन बसते, कारण आमच्याकडे उजेड चांगला आहे. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत आमचा खेळ चालू असतो.

आमचा खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. टेबलाभोवती पाच जण बसतात. चौघं एकेक पात्र होतात आणि पाचवी, म्हणजे मी, उरलेलं सगळं जग होते. राजा मी, चोर मी, पाऊस मी, न उघडणारा दरवाजाही मीच. पात्रानं काय केलं ते खेळणारा तोंडानं सांगतो, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. रंगमंच नाही, पडदा नाही, पोशाख नाही. जे आहे ते बोलण्यात आहे.

एका रविवारी सगळे गेल्यावर आत्यानं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "आज तुमच्या दरबारात तो सरदार आला, त्यानं काय घातलं होतं गं?"

"उंची वस्त्रं."

"म्हणजे काय?"

"उंची म्हणजे... रेशमी वगैरे."

"बाही कुठवर? काठ कसला? आणि त्या दरबारात रेशीम कुणाकुणाला चालतं?"

"आत्या, ते मी मुद्दाम सांगत नाही. मी 'उंची वस्त्रं' म्हटलं की समोरची चौघं आपापल्या डोक्यातला सरदार बघतात. एकीला शेरवानी दिसते, एकाला इंग्रजी सिनेमातला झगा दिसतो. नाटकात तुला एकच अंगरखा शिवावा लागायचा. इथे चार अंगरखे फुकट मिळतात. मी काठाचा रंग सांगितला की त्यांतले तीन मेले."

"आणि वर्णन करत बसलीस तर मुलं कंटाळतील."

"कंटाळतीलच."

"मग वर्णन करूच नकोस," आत्या म्हणाली. "मी वर्णन कुठे मागतेय? वर्णन म्हणजे कापडाचा सगळ्यांत निरुपयोगी भाग. त्या कापडामुळं कुणाला काय करावं लागलं, तेवढंच मला सांग. तो सरदार खाली वाकला तेव्हा जरीनं मान कापली का? पायरीवर झगा उचलायला माणूस लागला का? दारावरच्या शिपायानं आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं की कपड्याकडे? यातलं एक जरी सांगितलंस ना, तरी तुझे चारही अंगरखे जिवंत राहतील. रंग ज्याचा तो भरेल."

हे मला पटलं नव्हतं, पण खोडताही येईना. म्हणून मी पुस्तक आणलं. 2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचं 'प्लेअर्स हँडबुक'. आमच्याकडे कपड्यांचा विचार केलेला आहे हे मला दाखवायचं होतं.

"हे बघ. साधे कपडे, चांदीची पाच नाणी. प्रवासाचे कपडे, सोन्याची दोन नाणी. उंची कपडे, सोन्याची पंधरा. दहा चांदीचं एक सोन्याचं. वजनसुद्धा दिलंय. साधे तीन पौंड, उंची सहा पौंड."

"आणि तलवार?"

"लांब तलवारही पंधरालाच."

"मजुराला रोज किती मिळतं?"

"बिनकसबी माणसाला दिवसाची चांदीची दोन नाणी. कसबी कारागिराला सोन्याची दोन."

"म्हणजे साध्या जोडाला अडीच दिवसांची मजुरी. बरं. आणि ताग्यातलं कापड काय भावानं?"

मालाच्या भावांचं कोष्टक वेगळ्या पानावर आहे. मी ते उघडून वाचलं. सुती कापड, चौरस वाराला चांदीची पाच नाणी. लिनन, सोन्याची पाच. रेशीम, चौरस वाराला सोन्याची दहा, आणि त्याच ओळीत एक गाय.

आत्यानं सुई उशीत खोचली. "परत वाच. सुती कापड किती?"

"पाच. चांदीची."

"चौरस वाराला पाच. आणि शिवलेला सबंध जोड?"

"पाच."

"अगं, छत्तीस इंच पन्ह्याचं कापड घेतलंस तर सदऱ्याला तीन वार लागतात आणि विजारीला अडीच. हे झालं साडेपाच वार. पंचवीस-सत्तावीस नाण्यांचं कापड घेऊन तुझा शिंपी ते पाच नाण्यांना विकतो. शिलाई नाही, दोरा नाही, काज-बटण नाही. हा शिंपी जगतो कशावर?"

मी हे पान शंभर वेळा उघडलं असेल. माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं.

"आता रेशीम घे," ती म्हणाली. तिनं मांडीवरची नऊवारी उलगडली आणि काठापासून काठापर्यंत वीत टाकत गेली. "लांबी नऊ वार. पन्हा पंचेचाळीस इंच, म्हणजे सव्वा वार. झाले सव्वाअकरा चौरस वार. तुझ्या भावानं सोन्याची एकशे बारा नाणी आणि वर थोडी चांदी. अकरा गायी होतात बघ. आणि तुझ्या सरदाराची उंची वस्त्रं पंधराची! पंधरात दीड वार रेशीम येतं. दीड वारात चोळी होते फक्त."

"आत्या, हा खेळ आहे. भाव लक्षात राहायला सोपे असावेत म्हणून..."

"सोपेच ठेव. मी महाग कर म्हणत नाही. मी म्हणते, ही चूक कुठून आली ते बघ. तलवारीचं वजन, चिलखताचं वजन, चिलखत चढवायला किती वेळ, हे सगळं नीट दिलेलं असेल."

होतं. हलकं चिलखत चढवायला एक मिनिट, मध्यम पाच, जड दहा, आणि जड उतरवायला पाच. संपूर्ण पोलादी चिलखताची किंमत सोन्याची पंधराशे नाणी, वजन पासष्ट पौंड. कपडे अंगावर चढवायला किती वेळ लागतो ते कुठेच नाही. आणि कारण मला ठाऊक आहे. हा खेळ 1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावातून बाहेर आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघंही टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्यांतले. त्या लढायांत अंगावरचं लोखंड म्हणजे वार चुकवण्याचा आकडा. लोखंडाखाली माणूस होता आणि माणसाच्या अंगावर कापड होतं, याचा हिशेब ठेवायची गरजच नव्हती. 1978 सालच्या पुस्तकात कपड्यांची यादी आहे. तीत पट्टा आहे, टोपी आहे, झगा आहे, आणि बूट तर उंच कडक, उंच मऊ, बुटके कडक, बुटके मऊ असे चार प्रकारचे आहेत. सदरा नाही.

आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "साहजिक आहे. बूट चालायला लागतात, सदरा जगायला लागतो. त्यांना मोहिमेवर जायचं होतं."

मी मात्र इतक्यात हार मानणार नव्हते. कपड्यांचे नियम नसले तरी कपड्यांच्या रिती आमच्या जगात आहेत, आणि त्यांतल्या काही मला मनापासून आवडतात. म्हणून मी तिला ड्रुइड सांगितले. ते अरण्याचे पुजारी. 2014च्या पुस्तकात लिहिलं आहे की ड्रुइड धातूचं चिलखत घालत नाहीत आणि धातूची ढाल वापरत नाहीत. घातलं तर शक्ती जाते, शाप लागतो, असं काही लिहिलेलं नाही. घालत नाहीत, एवढंच. या एका ओळीवर खेळणारे वर्षानुवर्षं भांडत आलेत. काही जण म्हणतात, शिक्षा नाही तर हा नियम कसला?

आत्या एकदम खूश झाली. "हे खरं आहे! हे कुणीतरी रीत पाळलेल्या माणसानं लिहिलंय. माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. ओलेत्यानं वाळत घातलेलं लुगडं काठीनं काढायची, आम्हाला हात लावू द्यायची नाही. हात लागला तर काय होईल, असं आम्ही कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. तिनं ते लुगडं सोडून दुसरं धुतलेलं घेतलं, एवढंच व्हायचं. शिक्षा लिहिलेली असते तो कायदा. रीत म्हणजे आपण कोण हे स्वतःलाच सांगत राहणं. तुमच्या त्या पुजाऱ्याला एखाद्या दिवशी जीव वाचवायला लोखंडी ढाल उचलायला लावलीस का कधी?"

"नाही."

"लाव. शाप देऊ नकोस त्याला. फक्त ढाल खाली ठेवल्यावर तो हात कुठे धुतो ते विचार."

मग मी ड्रॅगनलान्सचं जग काढलं. 1984 पासूनचं. तिथे जादूगारांना एक कठीण परीक्षा द्यावी लागते, आणि त्यांच्या झग्याचा रंग त्यांची निष्ठा सांगतो. पांढरा, तांबडा किंवा काळा. आकाशात तीन चंद्र आहेत आणि एकेक रंग एकेका चंद्राचा. रेस्टलिन नावाचा जादूगार आधी तांबड्या झग्यात असतो, पुढे काळ्या झग्यात जातो, आणि वाचणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. "कपड्याचा याहून चांगला उपयोग काय असेल? एका रंगात सगळं कळतं."

"सगळं कळतं, हेच मला खटकतंय," ती म्हणाली. "काळ्याचा अर्थ नेहमी काळाच असेल तर तो झेंडा झाला. लोक कपडा असा वापरत नाहीत. आपल्याकडे बघ. शुभकार्याला काळं नको म्हणतात. वधूला काळी साडी कुणी घेणार नाही. आणि संक्रांत आली की पहिल्या सणाला नव्या सुनेला काळी चंद्रकळाच. ज्या सासूनं लग्नात काळं पोलकं चालवून घेतलं नसतं, तीच सासू जानेवारीत दुकानात काळ्या साड्या काढायला लावते. रंग तोच, घर तेच, सासू तीच. दिवस बदलला. असा एक तरी दिवस तुझ्या त्या जादूगारांना दे. वर्षातून एकदा पांढऱ्या झग्यातला काळा पांघरतो. का, ते तू ठरव. आणि हो, काळा रंग पक्का बसवणं फार अवघड असतं. झाडपाल्याच्या रंगात गडद काळं हवं असेल तर कापड पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं. तुझे ते दुष्ट जादूगार भलतेच पैसेवाले असले पाहिजेत."

इथे मी तिला एबेरॉन सांगितलं, कारण मला वाटलं या एका जगापुढे तिची शिवणकामाची शिस्त थांबेल. कीथ बेकर यांचं हे जग 2004 साली पुस्तकरूपानं आलं. त्यात जादू ही पोस्टखात्यासारखी रोजच्या कामाची गोष्ट आहे. तिथल्या शार्न शहरात मनोऱ्यांवर मनोरे चढले आहेत, वर श्रीमंत आणि खाली गरीब. आणि तिथे शिफ्टवीव नावाचं कापड मिळतं. एका पोशाखात पाच पोशाख विणलेले असतात, शब्द उच्चारला की एकाचा दुसरा होतो. ग्लॅमरवीवमध्ये कापडाच्या आतून आभास हलत राहतात. शिवाय 2017च्या एका पुस्तकात रोजच्या झिजेनं विरलेलं आपोआप सांधणारे कपडे आहेत, आणि एक झगा आहे जो क्षणात हवा तसा दिसतो. रंग, घाट, प्रत, सगळं बदलतं.

"वजन?" आत्यानं विचारलं.

मी पुस्तक बघितलं. "वजन बदलत नाही. तसं लिहिलंय."

"मग सापडला." ती उठली आणि घरी जाऊन एक अंगरखा घेऊन आली. तिनं काम सोडलं तेव्हा बरोबर आणलेली ही एकच वस्तू. वरून जरीचा भरजरी, खांद्यापासून घोळापर्यंत झळाळ. तिनं तो माझ्या हातात दिला, आणि हात अपेक्षेइतका खाली गेलाच नाही. हलका होता. तिनं घोळ उलटा केला. आत मांजरपाट. बगलेत घामाचे पिवळे कडे, कॉलरला आतून तीनदा ठिगळ, आणि कमरेशी निळ्या शाईत एका प्रयोगाची तारीख. "ही जर नकली. तिसऱ्या रांगेतून राजा दिसतो. पण हस्तांदोलनाच्या अंतरावर आलीस की कळतं, कारण खरी जर खाली ओढते, आणि माणूस ते ओझं घेऊन वेगळा उभा राहतो. बालगंधर्व उगाच खरे शालू आणि खऱ्या पैठण्या नेसून उभे राहत नव्हते. तुझ्या शार्नमध्ये कुणीही क्षणात सरदार दिसू शकतो ना? मग तिथले खरे सरदार दिसण्यावर विश्वास ठेवणंच सोडतील. ते एकमेकांच्या बाहीला हात लावून बघतील. तिथली भेटण्याची पद्धतच ती होईल. आणि तुझे आपोआप सांधणारे कपडे आले त्या दिवशी रफू करणारा कुठे गेला, ते मला सांग."

हे मात्र मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. बाहीला हात लावून नमस्कार.

"बालगंधर्वांवरून आठवलं," ती पुढे म्हणाली. "बायका त्यांचं नाटक बघून घरी जायच्या आणि तसं नेसायच्या, तशा वेण्या माळायच्या. फॅशन अशी होते. कुणीतरी कुणाचं तरी बघून करतं. तुमच्या जगांत हजार हजार वर्षांची साम्राज्यं असतात आणि पणजोबाचा झगा नातवाला चालतो. म्हणजे हजार वर्षांत तिथे कुणी कुणाकडे बघितलंच नाही का?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. तिच्या बोलण्यातलं हे सगळ्यांत बिनचूक होतं. चित्रांबद्दलही ती बोलली. डार्क सन हे 1991चं वाळवंटी जग. तिथे धातू दुर्मीळ आहे, शस्त्रं हाडांची आणि ज्वालाकाचेची, आणि ब्रॉम या चित्रकाराची चित्रं जबरदस्त आहेत. ती बघून आत्या एवढंच म्हणाली, "इतक्या उन्हात इतकं अंग उघडं? वाळवंटातले लोक डोक्यापासून पायापर्यंत सैल कापड घेतात." नियमांच्या पुस्तकात तर शंभर अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, पाण्यावाचून राहिलात तर चिलखतवाल्याचे आणि जाड कपडेवाल्याचे हाल जास्त होतात, असं बरोबर लिहिलेलं आहे. सैल सुती कापडाचा फायदा मात्र कुठे नाही. बायकांच्या अंगावरच्या लोखंडी चोळ्यांविषयी आम्ही दोघीही बोललो नाही. त्यावर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता माझा खरा आक्षेप. तो मी तोवर बोलले नव्हते.

"आत्या, तू म्हणतेस रिती आण, कोणाला काय चालतं ते ठरव. पण कोणी काय घालायचं हे ठरवण्याचा इतिहास मला माहीत आहे. इंग्लंडात 1574 साली एलिझाबेथ राणीनं फर्मान काढलं, जांभळं रेशीम कुणी घालायचं, मखमल कुणी घालायची, सगळं दर्जाप्रमाणं. ते कायदे 1604 मध्ये गेले. जपानात व्यापाऱ्यांच्या हाती पैसा आला तर सरकारनं त्यांना भडक रेशमाची बंदी केली. आणि आपल्याकडे तर बहुतेकदा कायदा लिहायचीही गरज पडली नाही. लुगडं गुडघ्याच्या किती वर, दागिना चांदीचा की कथलाचा, पायात वहाण असावी की नसावी, यावरून जात ओळखायचे आणि माणसाला त्याच्या जागी ठेवायचे. माझ्या टेबलावर बसणाऱ्या एका मुलीच्या पणजीनं हे सोसलंय. ती आठवडाभर नोकरी करून रविवारी येते आणि इथे तिचं पात्र पिवळ्या झग्यात, डोक्यात मोरपीस घालून, राजाच्या समोर ताठ उभं राहतं. तिला कुणी विचारत नाही की हा रंग तुला कुणी दिला. हा खेळ मला एवढ्यासाठी प्रिय आहे. तू सांगतेस तसे नियम मी आणले तर तिला जे बाहेर आहे तेच मी आत देईन."

आत्या बराच वेळ गप्प होती. गॅलरीतला उजेड उतरला होता. तिनं काम बाजूला ठेवलं.

"तू म्हणतेस ते खरं आहे. मी ते हलक्यात घेत नाही. पण मला एक सांग, 1927 च्या डिसेंबरात महाडला काय झालं?"

"मनुस्मृती जाळली."

"आणि त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. तुमची नेसण आणि तुमच्या अंगावरचे जाड दागिने ही तुमची ओळख करून ठेवली आहे, ती ओळख पुसून टाका, असं सांगितलं त्यांनी. आणि त्या बायकांनी नेसण बदलली. लगेच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कपडेपटात होते, पुढ्यात लुगड्यांचा ढीग होता. मी आयुष्यभर पात्रांना लुगडी नेसवली, पण निऱ्या खाली सोडणं हे एवढं मोठं काम असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. लुगडं तेच होतं गं. दोन वितीनं खाली आलं." ती थांबली. "तुझ्या जगात सगळ्यांना सगळं चालतं. मग तुझ्या जगात त्या बायकांनी केलं ते कुणालाच करता येणार नाही. पिवळा झगा घालून राजापुढे उभं राहणं हे तुझ्या त्या मुलीला मोठं वाटतं, कारण बाहेर तो रंग कुणीतरी नाकारला होता हे तिला माहीत आहे. तुझ्या राजाला माहीत नाही. तो बघतच नाही तिच्याकडे."

मी म्हटलं, "पण नाकारणं कुठवर, हे तिनं ठरवायला हवं. मी नाही, आणि तूही नाही."

"ते मला मान्य आहे."

"आणि ती म्हणाली नको, तर नको."

"तर नको. पण विचार तरी तिला. तू तिच्यासाठी परस्पर ठरवून टाकलंस की तिला हे पेलणार नाही."

हे मला लागलं. आणि ते बरोबर होतं. आमच्या खेळात नवी कथा सुरू करण्याआधी एक बैठक घेण्याची चाल आहे, 'सेशन झीरो' म्हणतात. काय चालेल, काय अजिबात नको, हे तिथे सगळे मिळून ठरवतात. कपड्यांबद्दल मी तिथे कधीच विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी विचारलं. एकीनं सांगितलं, डोकं झाकणं, अंग झाकणं यावरून माझ्या पात्राला कुणी हटकायचं नाही, ते मला रोज बसस्टॉपवर आहे. ते तिथेच संपलं, ते आमच्या जगात येणार नाही. रंगाची बंदी मात्र सगळ्यांना हवी होती. सगळ्यांत आधी हात वर केला तो पिवळ्या झग्यावालीनं. तिनं जुनं पात्र बाजूला ठेवलं आणि नवं केलं.

तर आता आमच्या कथेत नदीकाठचं एक नगर आहे. तिथे गडद तांबडा रंग फक्त बंदराच्या मालकांच्या सात घराण्यांना घालता येतो. तो रंग नगराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, रंगाऱ्यांच्या वस्तीत तयार होतो. तिचं नवं पात्र त्या वस्तीतल्या रंगाऱ्याची मुलगी आहे. पहिल्याच दिवशी ती नगराच्या वेशीवर आली. मी शिपाई झाले. मी म्हटलं, तो तुझ्या झग्याकडे बघतो. झगा मातकट आहे, ठीक आहे. तो तुला आत सोडणार, एवढ्यात... आणि तिनं मला मध्येच थांबवलं.

"त्यानं माझे हात बघितले का?"

"का?"

"मनगटापर्यंत तांबडे असतील. लहानपणापासून हौदात घालतेय. कायदा कापडाचा आहे ना? हात कुठे ठेवू मी?"

टेबलावर कुणीच बोललं नाही. फासा माझ्या हातात होता आणि कशासाठी टाकायचा ते मला कळेना. कायदा मी केला होता, सात घराणी मी ठरवली होती, आणि रंग करणाऱ्याच्या हाताचं काय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, तो तुझ्या हातांकडे बघतो आणि नजर खाली घालतो. तिनं मान हलवली. मग म्हणाली, "बरं झालं. कारण झग्याला आतून अस्तर आहे. तांबडं. माझ्या हातानं रंगवलेलं. ते त्याला दिसलं नाही."

रात्री मी आत्याला फोन केला. जपानच्या व्यापाऱ्यांचं मी या मुलीला कधी सांगितलं नव्हतं, की बंदीनंतर ते वरून साधा किमोनो घालत आणि सगळी श्रीमंती अस्तरावर काढत. तिला ते आपलं आपण सुचलं होतं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. वेशीचं, हातांचं, शिपायाचं. मग विचारलं, "अस्तर सुती की रेशमी?"

"ते तिनं नाही सांगितलं. सुतीच असणार, गरीब आहे ती."

"आणि तुरटी?"

"कसली तुरटी?"

"अगं, मंजिष्ठेचा तांबडा सुतावर बसवायचा तर आधी कापडाला तुरटी द्यावी लागते. तुरटी दिली तर रंग पक्का. नाही दिली तर पहिल्या पावसात उतरतो आणि वरच्या कापडातून बाहेर येतो. सबंध झगा तांबडा, भर बाजारात, सगळ्यांच्या देखत. ती रंगाऱ्याची मुलगी आहे ना? मग तुरटी विसरणार नाही ती." तिकडे काही क्षण फक्त शिवणयंत्राचा आवाज आला, मग तोही थांबला. "तिला विचार. दिली नसेल, तर का दिली नाही ते विचार."

मी अजून विचारलेलं नाही. वही उघडली आणि पुढच्या रविवारच्या पानावर, वेळेसमोर, लिहिलं: दुपारपासून पाऊस.